मानशीवर कोण आहे?

माणसाच्या तोडीची कृत्रिम बुद्धिमत्ता उद्या आली तर आपला समाज तिच्यासाठी तयार आहे का, या विषयावर गोव्यातल्या फोंड्यात झालेल्या एका परिसंवादाला मी श्रोता म्हणून बसलो होतो. पहिल्या वक्त्याने सांगितले की असे यंत्र फार तर पाच वर्षांवर येऊन ठेपले आहे आणि आपण गाढ झोपेत आहोत. दुसऱ्याने सांगितले की बँकांत संगणक आले तेव्हाही हीच ओरड झाली होती, आणि पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. सभागृहाने दोघांनाही सारख्याच टाळ्या दिल्या. "समाजाने सजग राहून बदल स्वीकारला पाहिजे" असा समारोप अध्यक्षांनी केला आणि चहाची सूचना दिली. दीड तासात एकानेही हे विचारले नाही की तयार असणे म्हणजे नेमके काय असणे. परीक्षेला बसणारा मुलगा तयार असतो, लग्नाचा मांडव तयार असतो, पेरणीसाठी शेत तयार असते. यांपैकी कोणत्या जातीची तयारी समाजाकडून अपेक्षित आहे? हे ठरवल्यावाचून चाललेला वाद शेवटी यंत्र केव्हा येणार या पैजेवर येऊन थांबतो, आणि पैजेत भाग घेणाऱ्याला स्वतः काही करावे लागत नाही.

माझे म्हणणे असे आहे की समाजाची तयारी यंत्राच्या हुशारीवरून मोजता येत नाही आणि लोकांना यंत्राविषयी किती माहिती आहे यावरूनही मोजता येत नाही. यंत्राने दिलेला निर्णय चुकला तर तो फिरवण्याचा अधिकार असलेला, नावानिशी ओळखता येणारा माणूस त्या निर्णयाच्या जवळपास बसलेला आहे का, आणि सामान्य माणूस एका हेलपाट्यात त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो का, यावरून ती मोजावी. हे माप लावले तर माणसाच्या तोडीच्या यंत्राची गोष्ट दूरच राहिली, आज टेबलावर ठेवलेल्या साध्या यंत्रांसाठीही आपण तयार नाही.

माझी एक मावशी अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, राहते. तिची उमेदीची सारी वर्षे काजूच्या कारखान्यात बिया फोडण्यात गेली. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते. हाताला कितीही राख आणि तेल चोळले तरी बोटांची टोके शेवटी गुळगुळीत होतातच. तिला मिळणाऱ्या एका छोट्या सरकारी साहाय्यासाठी वर्षातून एकदा ती हयात असल्याची खातरजमा होते, आणि ती अंगठ्यावरून होते. काचेखाली लाल दिवा लागायचा, मावशी पदराला अंगठा पुसायची, पुन्हा टेकवायची, पुन्हा लाल. खिडकीपलीकडचा कारकून शेजारच्याच वाड्यावरचा, तिला लहानपणापासून पाहिलेला. तो म्हणाला, "मावशे, हांव तुका वळखतां, पूण मशीन घेना." दोन महिने पैसे अडले. या प्रकरणात बुद्धिमत्ता कोणाचीच नव्हती; ठसा जुळतो की नाही एवढेच सांगणारी एक डबी होती. तरीही समोर बसलेल्या माणसाची खात्रीची ओळख त्या डबीपुढे निरुपयोगी ठरली, कारण ती ओळख ग्राह्य धरण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेलाच नव्हता. त्याच्या जागी माणसाइतके हुशार यंत्र बसवले असते तर काय बदलले असते? कदाचित त्याने मावशीशी गोड कोकणीत बोलून तिला तेवढ्याच ठामपणे परत पाठवले असते.

आपोआप चालणाऱ्या यंत्राशी कसे वागावे हे गोव्याला नव्याने शिकण्याची गरज नाही. मांडवी आणि जुवारी नद्यांच्या काठावरची खाजने, म्हणजे खाडीलगतची सखल भातशेते, ज्याने पाहिली आहेत त्याला मानस ठाऊक असते. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घातलेला असतो आणि त्या बांधात लाकडी दारांची मानस बसवलेली असते. भरती आली की बाहेरचे पाणी दारांना रेटते आणि ती मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातले जादा पाणी निघून जाते. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता. शेकडो वर्षे आमच्या पूर्वजांनी आपले वर्षाचे भात या स्वयंचलित यंत्राच्या भरवशावर सोडले, आणि तो भरवसा आंधळा नव्हता. कुर्ल्यांनी बांधाला पाडलेली भोके शोधत फिरणारी माणसे होती. बांधाला खांड पडली तर रात्री-अपरात्री सर्वांनी धावायचे असा दंडक होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्रापाशी कोणाचा स्वार्थ गुंतला आहे याची जाण होती. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होत असे, आणि पावणी घेतलेल्याला दारे जास्त वेळ उघडी राहिलेली हवीच असत, कारण भरतीच्या पाण्याबरोबर मासळी आत येते. शेतकऱ्याला मात्र त्याच पाण्याची धास्ती. दार तेच, पण ते उघडे राहिले तर एकाचे भले आणि दुसऱ्याचे मातेरे. म्हणून मानस कधी व किती उघडायची हा निर्णय एकट्या पावणीवाल्यावर सोडायचा नसतो हे गावाला कळत होते.

गावकरीची, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराची, ही व्यवस्था फार न्यायाची होती असा माझा दावा नाही. तिच्यात बायकांना वाटा नव्हता, बांधावर राबणाऱ्या अनेकांना मत नव्हते, आणि १९६४ चा कूळ कायदा आला तो योग्यच झाला. पण त्या कायद्यानंतर बांधांची निगा कुळांच्या संघटनांकडे गेली. काही गावांत त्या संघटनांनी नेकीने काम केले, पुष्कळ ठिकाणी त्या कागदावरच राहिल्या आणि मासळीच्या पैशांचे गणित भाताच्या गणितावर चढले. आज नदीकाठाने जाताना भातशेतीच्या जागी खारे पाणी आणि त्यात माजलेली खारफुटी दिसते, तिथे मानशीचे लाकूड कुजले त्याच्या कितीतरी आधी मानशीवरचा माणूस नाहीसा झालेला असतो.

यंत्र हुशार झाल्यावाचून मोठे अनर्थ होत नाहीत, असा जो समज या वादात गृहीत धरलेला असतो, तो ब्रिटनच्या टपाल खात्याने खोटा पाडला आहे. तिथे १९९९ पासून होरायझन नावाची हिशोबाची प्रणाली गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत बसवण्यात आली. तिच्यातल्या दोषांमुळे पडद्यावर तूट दिसू लागली आणि ती तूट कचेरी चालवणाऱ्याने खाल्ली असे धरले गेले. ९०० हून अधिक लोकांवर गुन्हे शाबित झाले. कोणी तुरुंगात गेले, कोणी दिवाळखोर झाले, काहींनी जीव दिला. संगणकाची नोंद पुरावा म्हणून मांडणाऱ्याने तो संगणक नीट चालत होता हे दाखवून द्यावे, अशी अट इंग्लंडच्या कायद्यात पूर्वी होती. ती १९९९ च्याच एका कायद्याने काढून टाकण्यात आली होती, आणि त्यानंतर यंत्र बरोबर आहे असे मानूनच न्यायालये चालली. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या बाबतीत हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला पायउतार व्हावे लागले. हे देश साक्षर, श्रीमंत, कायद्याने चालणारे. कोणत्याही सर्वेक्षणात ते 'तयार' समाजांच्या यादीत वर असते. मग ते कशात कमी पडले? तिथे तक्रार करणारे पुष्कळ होते. तक्रार ऐकून यंत्राचे म्हणणे बाजूला सारण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. परिसंवादातल्या दुसऱ्या वक्त्याचा आधार असा की या क्षेत्रातली भाकिते वारंवार फसली आहेत. हे खरे आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात जमलेल्या संशोधकांना वाटत होते की निवडक मंडळी दोन महिने एकत्र बसली तर मोठी मजल मारता येईल. १९६५ मध्ये या क्षेत्रातले एक आद्य संशोधक हर्बर्ट सायमन यांनी लिहिले की माणूस करू शकतो ते कोणतेही काम यंत्रे वीस वर्षांत करू लागतील. १९८५ आले आणि गेले. पण भाकिते उलट्या बाजूनेही चुकली आहेत. गो या खेळात यंत्र अव्वल माणसाला हरवायला अजून दशकभर लागेल असे जाणकार म्हणत असतानाच मार्च २०१६ मध्ये अव्वल खेळाडू ली सेडोल यंत्राकडून पाचपैकी चार डाव हरले. ज्या विषयात तज्ज्ञ दोन्ही बाजूंनी दहा-वीस वर्षांनी चुकतात, त्या विषयात तारखेवर धोरण बांधणे म्हणजे मृगाचा पाऊस नक्की कोणत्या दिवशी पडेल यावर घर शाकारायचे की नाही हे ठरवण्यासारखे आहे.

बँकांच्या संगणकांचा दाखला मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो नेहमी अर्धाच सांगितला जातो. कामगार संघटनांनी विरोध केला, संगणक तरी आले, आणि आकाश काही कोसळले नाही, असे त्याचे सार काढले जाते. मधला भाग गळतो. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन करार झाला. यांत्रिकीकरण कुठे आणि किती करायचे यावर बोलणी झाली, आणि त्यापायी कोणाला कामावरून काढले जाणार नाही अशी हमी घेतली गेली. म्हणजे जी भीती निराधार ठरली असे आपण आज म्हणतो, तिचा आधार काढून घेण्यासाठी कोणीतरी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून घासाघीस केली होती. बांध टिकला यावरून पूर येणारच नव्हता असा निष्कर्ष काढणे कितपत बरोबर? आणि आज हिशोब लिहिणारी, भाषांतरे करणारी, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी आमची मुले कोणत्या टेबलावर बसली आहेत?

लोक शेवटी जुळवून घेतातच, असेही म्हटले जाते. गोव्यात तरी हे वाक्य जपून उच्चारावे. भारतातले पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात उतरले. ते खरे तर ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचे होते. १६१६ मध्ये रायतूरला मराठीतले 'क्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन अक्षरांत. १६८४ मध्ये तर स्थानिक भाषा मोडून काढण्याचे फर्मान निघाले. त्याच सुमारास छपाईच बंद पडली, ती पुन्हा सुरू झाली १८२१ साली. युरोपात ज्या यंत्राने उलथापालथ घडवली ते आमच्या दारात इतक्या आधी येऊनही आमच्या भाषेला त्याचा अडीच शतके म्हणावा तसा उपयोग झाला नाही. सोळाव्या शतकातला गोमंतकीय छपाईसाठी 'तयार' नव्हता म्हणून असे झाले का? अक्षरे कोणती पाडायची आणि काय छापायचे हे विचारण्याची सोयच त्याला नव्हती. जुळवून घ्यायला आधी यंत्र आपल्या हाताच्या अंतरावर असावे लागते.

जनजागृती आणि प्रशिक्षण हा उपाय सर्वांना आवडतो, कारण त्यात कोणालाही अधिकार सोडावे लागत नाहीत. मी प्रशिक्षणाच्या विरोधात नाही. उच्च माध्यमिकच्या मुलांनी यंत्राकडून निबंध लिहून घेताना निदान ते काय करीत आहेत हे त्यांना कळावे. परंतु माहिती असली म्हणजे माणूस सावध राहतो हे गृहीतक फार जुन्या प्रयोगात ढासळलेले आहे. १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझनबाउम यांनी एलायझा नावाचा संवाद करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारण्यापलीकडे त्याला फारसे काही येत नव्हते. त्यांच्या सचिवांनी तो प्रोग्राम कित्येक महिने तयार होताना पाहिला होता, तो केवळ प्रोग्राम आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात त्यांनी वायझनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. पाल्याला यंत्र 'ओळखायला' शिकवणाऱ्या आजच्या शिबिरांत ही गोष्ट अवश्य सांगावी.

माझ्या मापावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र निराळा आहे, आणि तो पहिल्या वक्त्याच्या भीतीतून निघतो. बांध, मानस, कारकून ही सगळी दुरुस्तीची भाषा झाली. आधी चूक व्हायची, मग ती कोणाला दिसायची, मग फिरवायची. माणसाच्या तोडीचे किंवा त्याहून वरचढ यंत्र चूक दिसण्याइतका वेळच देणार नसेल तर? जेफ्री हिंटन यांच्यासारखा, ज्याच्या कामावर हे सारे उभे आहे आणि ज्याला २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तो शास्त्रज्ञ गूगलची नोकरी सोडून धोक्याविषयी बोलत फिरतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणून उडवून लावणे मूर्खपणाचे होईल. मी मान्य करतो की भरतीच्या मापाने बांधलेला बांध त्सुनामीला पुरत नाही. आणि प्रयोगशाळेत काय बांधावे, काय बांधूच नये, याचे उत्तर माझ्या मापात नाही.

तरीही त्या भीतीचा पुढचा धागा पकडून पाहू. मार्च २०२३ मध्ये हजारो जाणकारांनी जाहीर पत्र काढून सर्वांत शक्तिशाली प्रणालींचे प्रशिक्षण सहा महिने थांबवा अशी मागणी केली. सहा महिने उलटले. कोणी थांबले नाही. पत्रात तर्काची उणीव नव्हती. 'थांबवा' हे ज्याला उद्देशून म्हणायचे आणि ज्याला ते ऐकणे भाग पडेल, अशी जागाच जगात कोठे नव्हती. युरोपीय महासंघाचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला, तो अशी एक जागा निर्माण करण्याचा प्रयत्न आहे, अर्धामुर्धा का असेना. म्हणजे ज्यांना मोठ्या लाटेची भीती वाटते त्यांनाही शेवटी अधिकार असलेला आणि जाब विचारता येईल असा माणूसच हवा आहे. आणि तो एकदम जागतिक परिषदेत जन्माला येईल, खालच्या खिडकीवर तो कधीच नसताना, यावर माझा विश्वास बसत नाही. अंगठ्याच्या डबीचा नकार जिथे दोन महिने फिरवता येत नाही, तिथे लाखो संगणकांवर पसरलेली प्रणाली वेळेत बंद करण्याचा सराव कोणाला असणार?

गोव्यासारखे चिमुकले राज्य यात काय करणार, हा प्रश्न चहाच्या वेळी मला तिघांनी विचारला. यंत्रे इथे बनत नाहीत हे खरेच. केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या १० हजार कोटींहून अधिकच्या मोहिमेतही मोठा वाटा संगणकशक्तीचा आहे. पण मामलेदार कचेरीत, इस्पितळात, रेशनच्या दुकानात यंत्राचे म्हणणे कितपत अखेरचे मानायचे हे ठरवायला कॅलिफोर्नियाची परवानगी लागत नाही. विधानसभेने एवढाच नियम केला तरी पुष्कळ होईल की नागरिकाला काहीही नाकारणाऱ्या प्रत्येक निर्णयावर एका अधिकाऱ्याचे नाव व सही असेल, यंत्राला डावलून लेखी कारणासह निर्णय देण्याची मुभा त्या अधिकाऱ्याला असेल, आणि तसे केल्याबद्दल त्याची चौकशी लागणार नाही. शेवटची अट सर्वांत अवघड आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठीचा १९७५ चा कायदा किती चांगला होता आणि मुंडकारांचे खटले मामलेदारांपुढे किती वर्षे रखडले हे ज्याने पाहिले आहे, तो कागदावरच्या हक्काने हुरळून जाणार नाही. सही करणारी माणसे पुरेशी लागतील, त्यांना वेळ लागेल, आणि यंत्र आणल्याने वाचले असे सांगितले जाणारे पैसे बरेचसे तिथेच खर्च होतील. व्हावेत.

विचारणे या गोष्टीला गोव्यात एक किंमत आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का या प्रश्नावर सार्वमत झाले. मी ज्या घरात वाढलो ते फुलाच्या, म्हणजे विलीनीकरणाच्या, बाजूचे. दोन पाने, म्हणजे विलीनीकरणाला विरोध करणारी बाजू, ३४,०२१ मतांनी जिंकली आणि आमच्या ओसरीवर काही दिवस सुतक होते, असे आई सांगायची. पण हरलेल्या बाजूने तो कौल मानला, कारण प्रश्न स्पष्ट होता आणि तो लोकांना विचारला गेला होता. खाणींच्या बाबतीत तसे कोणी विचारले नाही. कर्जे काढून ट्रक घेतलेल्या डिचोली, सत्तरी, सांगेच्या घरांना २०१२ मध्ये एका सकाळी काम बंद झाल्याचे कळले. त्यातून एक गोष्ट मात्र चांगली निघाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवावा. जमिनीखालचे धन जसे एका पिढीचे नाही, तसे ज्या लिखाणावर, बोलण्यावर, चित्रांवर ही यंत्रे पोसली गेली तेही एका कंपनीचे नाही. या दाखल्याचा विचार दिल्लीत कोणी करीत असेल तर तो गोव्याने पुरवलेला आहे हे लक्षात ठेवावे.

मावशीचे पैसे पुढे सुरू झाले. चौथ्या खेपेला त्या कारकुनाने कोरा कागद काढला, त्यावर "सदर बाईंना मी प्रत्यक्ष ओळखतो, त्या हयात आहेत" असे हाताने लिहिले, खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि तो वर पाठवला. तसे करण्याचा अधिकार त्याला होता की नाही हे आजतागायत स्पष्ट झालेले नाही. त्या कागदाची झेरॉक्स मावशीने दुधाच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली आहे आणि दर वर्षी ती तो घेऊन जाते. तो कारकून मागच्या वर्षी निवृत्त झाला. खिडकीवर आता एक तरुण मुलगी बसते. तिने तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, परत दिला, आणि मावशीला अंगठा टेकवायला सांगितले.